हिरवं पाणी

गेल्या पावसाळ्यात पालिकेच्या आरोग्य खात्यातल्या दोघीजणी गच्चीवर आल्या. एकीच्या हातात बॅटरी, दुसरीच्या हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी. गच्चीच्या कोपऱ्यात माझं सिमेंटचं टाकं आहे, त्यात कुमुदिनी लावलीय. बॅटरीचा झोत पाण्यात गेला आणि लगेच निकाल लागला, "ताई, अळ्या आहेत." होत्याच. वळवळत वर यायच्या, शेपटाचं टोक पाण्याच्या पापुद्र्याला लावून उलट्या लटकायच्या, सावली पडली की पुन्हा तळाशी. बाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि ओंजळभर गप्पी मासे टाक्यात उपडे केले. दारामागे खडूने तारीख लिहिली, वहीत माझी सही घेतली आणि दोघी शेजारच्या इमारतीकडे वळल्या. दोन दिवसांत अळी औषधालाही उरली नाही. इथवर सगळं ठरल्यासारखं झालं. पण गणपती येईतो टाक्यातलं पाणी हिरवं होत गेलं, आणि विसर्जनापर्यंत तर धिरड्यासाठी वाटलेल्या हिरव्या मुगासारखं दाट झालं. तळातली कुंडी, तिच्यातली काळी माती, देठांची गुंतवळ, जे जे आरपार दिसायचं ते सगळं गडप.

ज्याला त्याला याचं उत्तर ठाऊक होतं. कोणी म्हणालं ऊन जास्त लागतंय, कोणी म्हणालं कुंडीतलं शेणखत उतरलं, कोणी म्हणालं माशांची घाण, दुसरं काय. शेवटचं थोडंफार खरंही असेल. पण ऊन तेच होतं, शेणखत तर दर वर्षी घालते, आणि एवढ्या चिमुकल्या माशांची घाण ती किती? माशांनी अळ्या खाल्ल्या हे कळत होतं. पाण्याचा रंग त्यांनी कसा बदलला, हे कळत नव्हतं.

मासे तर हिरवं काही ओकत नव्हते.

मग एक दिवस लक्षात आलं की टाक्यातून आणखीही काहीतरी गेलंय. अळ्यांच्या जोडीला त्यात पाणपिसवा असायच्या. नाव पिसवांचं असलं तरी या कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातल्या. मोहरीहून लहान ठिपके, झटके देत वर चढायचे आणि मग हात सोडून दिल्यासारखे खाली बुडत यायचे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन भिंग लावलं की त्यांचं सगळं आतलं घर उघडं दिसे. अंग पारदर्शक, पाठीकडे धडधडणारं हृदय, त्याच्यामागच्या पिशवीत गोल अंडी, आणि अंगातून वळणं घेत गेलेलं हिरवं आतडं. ते हिरवं म्हणजेच पाण्यातलं शेवाळ. पाय सतत हलवून त्या पाणी आत ओढतात आणि त्यातले हिरवे कण गाळून खातात. पाण्यात प्राणवायू कमी पडला की रक्तद्रव्य वाढवून लालसर होतात. उन्हाळ्यात टाक्याच्या एका कडेला तसा तांबूस ढगच दिसायचा. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे बघत उभी राहायचे, पण त्या कामावर आहेत असं कधी मनात आलं नव्हतं.

आजीला मात्र पाण्यातल्या जिवांचा फार वहीम. आजोळी आडाचं पाणी हंड्यात घ्यायचं ते आजोबांच्या जुन्या धोतराचा फडका चौपदरी करूनच. नवं कापड चालायचं नाही. गाळून झालं की फडका उलटा करून आडापासून लांब, परसातल्या आळ्यात झटकायचा. पुन्हा आडात जाता कामा नये. आम्हा पोरांना हा सोवळ्याचाच एखादा प्रकार वाटे. त्यात नारूची भीती किती होती, हे पुढे कळलं. नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचा, पायातल्या जखमेतून कृमीची पिलं पाण्यात जायची, ती सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव गिळायचा, आणि तो जीव माणूस पाण्याबरोबर पिऊन टाकायचा. वर्षभराने पायातून हातभर दोरा निघायचा. पण सायक्लॉप्स असतो मिलिमीटरभराचा. म्हणजे कापडात अडकण्याइतका मोठा. देशातून नारू गेला त्यात या एवढ्याशा आकाराचा मोठा हात आहे. शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पुढे अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये जुन्या साड्यांची चौपदरी गाळणी करून पाणी प्यायला लावलं, तेव्हा पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, रोगी जवळपास निम्म्याने कमी झाले. पटकीचा जंतू एकटा कापडातून सहज निसटेल, पण तो अशाच बारीक प्राण्यांच्या अंगाला चिकटून राहतो. कापडही जुनंच बरं, कारण धुऊन धुऊन त्याचे धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. आजीला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. फडका मात्र बरोबर निवडला होता.

तर माझ्या टाक्यात जे झालं ते आधीच कोणीतरी मुद्दाम करून पाहिलेलं असणार, असं वाटून शोधू लागले, आणि ते खरंच होतं. १९७२ साली कॅलिफोर्नियात स्टुअर्ट हर्लबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कृत्रिम तळी तयार केली. काहींत गॅम्बूशिया हा डासांच्या अळ्या खाणारा मासा सोडला, काहींत नाही. गॅम्बूशिया म्हणजे गप्पीचाच भाऊबंद. आपल्याकडेही हिवतापाच्या मोहिमांत तो विहिरी-हौदांतून सोडला गेलाय. मासे होते त्या तळ्यांतले बारीक प्राणी नाहीसे झाले आणि शेवाळ मातलं. बिनमाशांची तळी नितळ राहिली. वाचून बरं वाटलं आणि जरा चिडचिडही झाली. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि पिशवीची गाठ सोडणाऱ्या बाईंपर्यंत किंवा माझ्यापर्यंत ती कधी पोचलीच नाही.

पण मला जास्त गुंतवलं ते त्याच्याही आधीच्या एका कामाने. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात क्रिस्टल लेक नावाचं तळं आहे. येल विद्यापीठाचे जॉन ब्रूक्स यांच्याकडे त्या तळ्यातल्या तरंगत्या जिवांची १९४२ सालची नोंद होती. पुढे त्यात हेरिंगच्या कुळातले लहान मासे आले. १९६४ साली पुन्हा जाळं फिरवलं तर तळ्याची वस्तीच बदललेली. आधी सगळ्यात जास्त भरणारे जीव पाऊण मिलिमीटरच्या आसपासचे होते, आता ते पाव मिलिमीटरच्या थोडे वर. मोठ्या पाणपिसवा गायब, त्यांच्या जागी चिमुकल्या जाती. मासे डोळ्यांनी शिकार करतात, मोठं ते आधी दिसतं, मोठं ते आधी संपतं. स्टॅन्ली डॉडसन या विद्यार्थ्यासोबत ब्रूक्स यांनी हे १९६५ साली प्रसिद्ध केलं आणि जाता जाता एक उलटा प्रश्नही विचारला. मासे आल्यावर मोठ्या पिसवा संपतात हे ठीक. पण मासे नसताना त्या लहान जाती कुठे असतात? त्यांना कोण खातं? त्यांचं उत्तर असं: त्यांना कोणी खात नाही. त्या उपाशी मरतात.

हे पचायला मला वेळ लागला. आपल्याला वाटतं, लहान जीव, लहान पोट, थोडक्यात भागत असेल. तसं नसतं. मॅक्स क्लायबर नावाच्या, जन्माने स्विस पण कॅलिफोर्नियात काम केलेल्या शास्त्रज्ञाने १९३२ साली उंदरापासून बैलापर्यंतच्या प्राण्यांचं वजन आणि त्यांचं शरीर जाळत असलेली ऊर्जा एका आलेखावर मांडली. वजन वाढतं तशी भूक वाढते, पण त्याच वेगाने नाही. वजनाच्या पाऊण घाताने वाढते. घात-बिताची ज्यांना शाळेपासून धास्ती आहे त्यांच्यासाठी: ६०० किलोचा बैल म्हणजे ६० ग्रॅमचे १०,००० उंदीर. पण तो बैल फक्त १,००० उंदरांइतकं इंधन जाळतो. ग्रॅमाला ग्रॅम लावला तर उंदराच्या अंगात बैलाच्या दहापट आग. चिचुंद्री रात्रभर घराच्या कडेकडेने नाक खुपसत का फिरते, ते यात आलं. पाऊण की दोन-तृतीयांश, सगळ्या प्राण्यांना एकच आकडा लागू पडतो का, यावर अजून वाद चालू आहेत आणि ते वाचताना माझी मती गुंग होते. पण मोठ्याला तोळ्यामागे कमी लागतं, एवढं नक्की. १९९० साली पोलंडच्या मॅचेय ग्लिविच यांनी पाणपिसवांच्या जाती वेगवेगळ्या पातळीच्या अन्नात वाढवून पाहिल्या, तर पाण्यात खाणं जितकं विरळ तितकी मोठी जात तगून राहते, असं दिसलं. मोठी पिसू पाणी चाळून इतकं साफ करते की त्या उरल्यासुरल्यात तिचं भागतं, लहानीचं भागत नाही. पाणी नितळ असणं म्हणजे तिथे कोणीतरी दुसऱ्याच्या तोंडचा घास आधीच खाल्लेला असणं. माझ्या टाक्याच्या नितळपणाकडे मी उगाच शांतता म्हणून बघत होते.

जमिनीवर आपण खाणाऱ्याचा आकार धरून चालत नाही. वडाचं पान अळी खाते, वडाच्या मानाने अळी किती! पाण्यात मात्र झाडाची जागा घेणारा जीवच साध्या डोळ्यांना न दिसणारा, आणि तिथून पुढे बहुतेक ज्याचं तोंड मोठं तो खातो. शिवाय मासा एका पायरीवर थांबत नाही. मामांच्या गावच्या तळ्यात मरळीची पिलं बघायला मिळायची. पाण्याच्या वरच्या थरात एक नारिंगी-लाल पुंजका थरथरत फिरायचा आणि त्याच्याखाली सावलीत, जवळजवळ न हलता, त्याचे आईबाप. मामा सांगायचा, आत्ता गळ टाकू नका, पिलावळ आहे, मरळ आता गळावर खायला येत नाही, चवताळून येते. ती पिलं पाण्यातले सूक्ष्म किडे खाऊन वाढतात, मग अळ्या, मग बेडकाची पिल्लं, मग मासे. म्हणजे ज्या पाणपिसवांवर तिचं बालपण गेलं, त्यांना खाणारे लहान मासे ती मोठेपणी खाते. आता ही मरळ तळ्यातून काढून घेतली तर पाण्याचा रंग बदलेल का?

हाच प्रश्न मिशिगनमधल्या ट्यूसडे लेकवर १९८५ साली विचारला गेला, अर्थात तिथे मरळ नव्हती. स्टीफन कार्पेंटर, जेम्स किचेल आणि मंडळींनी त्या तळ्यातले बहुतेक लहान मासे उपसले आणि शेजारच्या पीटर लेकमधले बास जातीचे शिकारी मासे त्यात आणून सोडले. लहान मासे गेले, पाणपिसवा आकाराने वाढल्या, शेवाळ ओसरलं. वरच्या टोकाला केलेला बदल थेट हिरव्या कणांपर्यंत उतरत आला. त्यांनी उलटा प्रयोगही करून पाहिला: पीटर लेकमधून बास काढले आणि तिथे लहान मासे सोडले. पण ते बेटे काठच्या उथळ पाण्यात दडून बसले, उरलेल्या बासांनी त्यांचा फडशा पाडला आणि स्वतःची पोरं भरमसाट वाढवली. मला या फसलेल्या अर्ध्याचंच जास्त कौतुक वाटतं. आकार, भूक, वजन यांचे आलेख कितीही सरळ आले तरी मासा लपू शकतो, हे आलेखात कुठे दाखवायचं? त्याच ट्यूसडे लेकमधल्या प्रत्येक जातीचं सरासरी वजन आणि संख्या पुढे एका चित्रात मांडली गेली. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या जिवाच्या वजनात सुमारे बारा शून्यांचा फरक. एका तळ्यात.

माशांशिवायचं पाणी बघायचं असेल तर आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर जावं. फुलांच्या दिवसांत नको, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. जुलैत जावं, धुकं आणि आडवा पाऊस असतो तेव्हा. कातळाच्या खोलगट जागांत पाणी साचलेलं असतं, कुठे घोटाभर, कुठे वीतभर. एकदा अशाच एका डबक्यापाशी पोटावर आडवी झाले. छत्रीचा काही उपयोग नव्हता. तळाला लाल-काळा दगड स्वच्छ दिसत होता आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे प्राणी उताणे पोहत होते. उताणेच. पोटाकडचे पानांसारखे पाय एकामागोमाग एक लाटेने हलत होते. ही कोळंबीची लांबची नातलग, परीझिंगा म्हणा हवं तर. एवढा मोठा, संथ, बिनकवचाचा जीव मासे असलेल्या पाण्यात सहसा टिकत नाही. तो टिकतो कारण हे डबकं दिवाळीनंतर आटतं आणि मासा आटलेल्या डबक्यात जगू शकत नाही. याची अंडी मात्र कातळाच्या खाचेतल्या चिमूटभर मातीत एप्रिल-मे तापून निघतात आणि पहिल्या पावसाला फुटतात. अशा डबक्यांना आपण सरकारी कागदावर पडीक जमीन म्हणतो.

टाक्यातल्या गप्पींचं काय करायचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. म्हणजे मी बोलले आणि बाकीच्यांनी ऐकून घेतलं. ते काढून टाकावेत असं मनातून फार वाटत होतं. पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीला त्याच पावसाळ्यात डेंग्यू झाला होता. तिची आई रोज संध्याकाळी प्लेटलेटचा आकडा सांगायची आणि अख्खी इमारत तो आकडा ऐकायला थांबलेली असायची. डेंग्यूचा डास सहसा घाण पाण्यात होत नाही, माझ्यासारखीच्या हौसेच्या स्वच्छ पाण्यात होतो. त्या आकड्यांपुढे माझ्या पाणपिसवांची बाजू कोणत्या तोंडाने मांडणार? गप्पी राहिले. आता वाढलेतही पुष्कळ. पहाटे पाण्यातला प्राणवायू उतरला की सगळे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि गरम पाण्यातल्या अंगाला तो जास्त लागतो, ही कात्री उन्हाळ्यात त्यांच्याकडे बघूनच कळते. आइसलंडमध्ये हेंगिल नावाच्या ज्वालामुखी भागात ५ अंशांपासून २५ अंशांपर्यंतचे ओढे जवळजवळ वाहतात, आणि तापत्या जगात कोण टिकेल हे बघायला शास्त्रज्ञ तिथे जातात. आमच्या गच्चीवर ती सोय दिवसभरात आपोआप होते.

दिवाळीत इंदापूरकडे मामेभावाकडे गेले होते. त्याने शेततळ्यात कटला, रोहू आणि मृगळ सोडलेत: कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळचं. तळ्याचं पाणी गर्द हिरवं. मी जरा काळजीनेच विचारलं तर तो हसला. "आगं ताई, हिरवं करायलाच तर शेण आन् सुपर फॉस्फेट टाकतोय." मग बाही सरकवून त्याने काठावरून हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि आपल्याच तळव्याकडे बघत राहिला. तळवा धूसर दिसेनासा झाला की पाणी तयार. कोपराच्या आधीच गेला तर जास्त झालं, मग खत थांबवायचं, नाहीतर पहाटे मासे उलटतात. त्याच्याकडे खाद्याची वही आहे. बोटुकलीला, म्हणजे बोटभर पिलाला, वजनाच्या पाच टक्के, मग चार, मग तीन, किलोच्या जवळ आलेल्या माशाला दोन. मी त्या उतरत्या आकड्यांकडे बघत क्लायबरचं नाव घ्यायचा मोह आवरला. "किलोच्या फुडं ठेवत न्हाई," तो म्हणाला, "खाद्य जातंय, पण वजन काय त्या मानानं चढत न्हाई."

निघताना मी पाण्याच्या बाटलीत तळ्याचं पाणी भरून उन्हाकडे धरलं. हिरव्यात बारीक ठिपके झटके देत चढत होते. पाणपिसवा. किती दिवसांनी दिसल्या! मी बाटली त्याच्यापुढे धरली. त्याने डोळे बारीक करून बघितलं, बाटली हलवली, पुन्हा बघितलं.

"इतकं किडं शिल्लक ऱ्हायलं व्हय," तो म्हणाला, "मंजी खाणारी तोंडं कमी पडत्यात." आणि आणखी हजारभर कटल्याची बोटुकली मिळेल का, हे विचारायला त्याने बीजवाल्याला फोन लावला.